चांगलं सॉफ्टवेअर का हरतं?



तुमच्यापैकी बरेच जण कॉम्प्युटरशी संबंधित काही ना काही शिकत आहेत. कुणी कोडिंग, कुणी अकाउंटिंग, कुणी डिझाइन. तुमच्याशी बोलताना एक विश्वास नेहमी जाणवतो: आपला माल चांगला असला की बाजार तो उचलणारच. माल चांगला हवा, यात वाद नाही. पण धंद्यासाठीच्या सॉफ्टवेअरचा इतिहास सांगतो की तेवढ्यावर भागत नाही. का भागत नाही, ते दोन उदाहरणांवरून पाहू.

पहिलं उदाहरण अमेरिकेतलं. आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून १९८७ मध्ये ओएस/२ ही ऑपरेटिंग सिस्टिम आणली. पुढे दोघांचं बिनसलं. १९९२ मध्ये आयबीएमने तिची २.० ही आवृत्ती काढली. एक प्रोग्रॅम कोसळला तरी बाकीची कामं चालू राहावीत, अशी तिची रचना होती. या बाबतीत ती त्या वेळच्या विंडोज ३.१ पेक्षा कितीतरी भक्कम होती. वर विंडोजचे प्रोग्रॅमही तिच्यावर चालायचे. आणि नेमकं हेच तिला नडलं. सॉफ्टवेअर कंपन्यांनी हिशेब केला: विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दोन्हीकडे चालतो, मग ओएस/२ साठी वेगळा कशाला लिहायचा? तिच्यासाठी खास प्रोग्रॅम फारसे आलेच नाहीत, म्हणून गिऱ्हाईक आलं नाही. आणि गिऱ्हाईक नाही म्हणून प्रोग्रॅम आले नाहीत. शिवाय तिला मेमरी जास्त लागे, आणि तेव्हा मेमरी महाग होती. नवा पीसी बहुतेक वेळा विंडोज घालूनच मिळायचा. बँकांच्या एटीएममध्ये ओएस/२ पुढे बरीच वर्षं चालली, पण ऑफिसच्या टेबलावर विंडोजच बसली.

म्हणजे सॉफ्टवेअर एकटं विकलं जात नाही. त्याच्याबरोबर त्याचं अख्खं गणगोत येतं: ते चालवणारी माणसं, दुरुस्त करणारे, त्यात साठलेल्या जुन्या फाइली आणि बोटांना लागलेली सवय.

दुसरं उदाहरण आपल्याच गल्लीतलं, डीटीपीच्या दुकानातलं. १९९० नंतर मराठी मजकूर पेजमेकरमध्ये श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये जुळवला जाऊ लागला. या जुन्या फॉन्टची एक युक्ती होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. पडद्यावर मराठी दिसे, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की नुसती खिचडी.

उर्दूत १९९४ मध्ये इनपेज आलं. त्याच्यामागे नूरी नस्तालीक हा फॉन्ट होता. १९८० च्या सुमारास मिर्झा अहमद जमील यांनी त्यासाठी हजारो अक्षरजोड्या हातानं लिहिल्या होत्या. तोवर बहुतेक उर्दू वर्तमानपत्रं कातिब हातानं लिहीत. त्यामुळे इनपेज म्हणजे मोठीच सोय झाली.

याच काळात, १९९१ मध्ये, युनिकोडची पहिली आवृत्ती आली होती. तिच्यात देवनागरी होती, अरबी लिपीही होती. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक. कोणत्याही मशीनवर वाचा, शोधा, पाठवा. तंत्र म्हणून हे निर्विवाद सरस होतं. तरी आपल्या दुकानांमध्ये ते यायला कितीतरी वर्षं लागली.

दुकानदार अडाणी होता का? मुळीच नाही. पेजमेकरला युनिकोड समजत नव्हतं. ऑपरेटरची बोटं एका कीबोर्डला सरावलेली होती. जुनी सगळी कामं जुन्या फॉन्टमध्ये होती. लग्नपत्रिका संध्याकाळी द्यायची असताना कोण नवं शिकत बसेल? उर्दूत तर आणखी एक अडचण होती. वाचकाचा डोळा नस्तालीकला सरावलेला, आणि सुरुवातीला युनिकोडमध्ये तसा देखणा नस्तालीक फॉन्ट नव्हता. दुकानदाराच्या वहीत जुनंच फायद्याचं होतं.

मग युनिकोड जिंकलं कसं? मोबाइल आल्यावर. कागदाला विचारावं लागत नाही की ही शाई कोणत्या कोडमधून आली. मोबाइलवर मात्र तोच प्रश्न पहिला येतो. युनिकोडचं मूळ तत्त्व पूर्वीचंच होतं. गिऱ्हाइकाची गरज बदलली.

पण मधल्या वर्षांची किंमत कुणीतरी मोजलीच. अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर जुन्या फॉन्टमधला मजकूर वाचायला गेला की अर्थहीन अक्षरं बडबडतो. अभ्यासकानं शोध घेतला तर त्या काळातले लेख सापडत नाहीत. दुकानदाराच्या वहीत या दोघांसाठी रकानाच नव्हता. बाजार विकत घेणाऱ्याला विचारतो. जो दुकानात आलेलाच नाही, त्याला विचारत नाही. ‘बाजारानं निवडलं ते उत्तम’ हे वाक्य म्हणूनच मला अर्धवट वाटतं.

आता तुम्ही काय करायचं? तीन गोष्टी सुचवतो.

एक, तुम्ही काही बनवत असाल, तर गिऱ्हाइकाचं जुनं काम नव्यात आणून द्या. त्याच्या जुन्या फाइली उघडू द्या, सवयीचा कीबोर्ड राहू द्या, गावातली दोन माणसं शिकवून तयार करा. तुमचं सॉफ्टवेअर दुप्पट चांगलं असेल, पण तिकडे जाण्याचा त्रास चौपट असेल, तर तो येणार नाही.

दोन, तुमची शाळा, पतसंस्था किंवा ट्रस्ट सॉफ्टवेअर घेत असेल, तर पैसे देण्याआधी विचारा: उद्या आम्हाला हे सोडायचं झालं, तर आमची माहिती कोणत्या रूपात परत मिळेल? उत्तर टाळलं जात असेल, तर सावध राहा.

तीन, आपल्या संस्थांच्या स्मरणिका, मासिकं, अहवाल अजून जुन्या फॉन्टमध्ये आणि इनपेजमध्ये पडून आहेत. हार्ड डिस्क मरतात, सीडी खराब होतात. या फाइली शोधा, कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा. मग डोळ्यांनी प्रूफ वाचा, कारण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी अशा रूपांतरात हमखास जागा चुकतात. या कामाला बाजारात भाव नाही. पण ते झालं नाही, तर आपल्या आईवडिलांच्या पिढीनं तलाकपासून शिक्षणापर्यंत ज्या प्रश्नांवर लिहिलं, भांडलं, ते तुमच्या मुलांना शोधूनही मिळणार नाही.

चांगलं तंत्र आपोआप पोहोचत नाही. ते कुणीतरी हाताला धरून पोहोचवावं लागतं. ते काम तुम्हाला येतं, म्हणून तुम्हाला सांगितलं.