मामंजींची जावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी शिवथर येथे केलेले भाषण)



आपल्या वर्धापनदिनी आजवर बालसंगोपन, परसबाग, शिवणकाम अशा विषयांवर भाषणे झाली. यंदा मला मोटारसायकलीवर बोलण्याची आज्ञा झाली आहे. आमच्या अंगणात वर्षभर नटबोल्टांचा जो पसारा पडला होता, तो तुम्ही येता-जाता पाहिलात. तेव्हा त्याचा हिशेब देणे माझे कर्तव्यच आहे.

गाडी मामंजींची. १९६८ सालची, अडीचशे सी.सी.ची जावा. या नावाचा त्या बेटाशी काही संबंध नाही. चेकोस्लोव्हाकियातील यानेचेक आणि जर्मनीची 'वाँडरर' या दोन नावांची पहिली अक्षरे जोडून १९२९ साली ते तयार झाले. आपल्याकडे ही गाडी मुंबईच्या इराणी कुटुंबाने आणली. १९६१ पासून ती म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनू लागली, पुढे 'येझ्दी' या नावाने निघू लागली आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. मामंजी या गाडीवरून वरंधा घाट चढून भोरमार्गे पुण्याला जात.

२२ जुलै २०२१ रोजी महाडात सावित्री आणि गांधारीचे पाणी चढले, तेव्हा ही गाडी आमच्या तिथल्या घराच्या तळमजल्यावर होती. पाणी ओसरल्यावर ती गाळातून उपसून काढली. कुणीतरी किक मारायला पुढे सरसावले, तोच धाकट्या जावेची मुलगी ओरडली, "काकू, हात लावू देऊ नका!" ती मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेतलेली. तिने आम्हाला समजावले ते असे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवा आधी खाली क्रँकच्या खोलीत जाते, मग वर सिलिंडरमध्ये. तिथे गाळ असताना किक मारली, तर तोच गाळ वर चढून पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही खरवडून टाकतो. त्या एका हाकेने इंजिन वाचले. ते पुरते खोलले, रॉकेलने धुतले, बेअरिंगे आणि सिले नवी घातली. सांगाडाही शाबूत निघाला. पत्रा मात्र सडला होता.

आता पुढे काय? गाडी मूळ रूपात आणावी, तर मडगार्ड, सायलेन्सर, सीट सारेच नवे हवे, आणि घर सावरण्यात हात रिकामे झालेले. थोरले भावोजी म्हणाले, "भंगारात द्या, डोळ्यांसमोर नको." तेव्हा मुलीने तिसरी वाट सुचवली, ती म्हणजे मातीच्या रिंगणातल्या शर्यतीसारखी हलकी गाडी.

या शर्यतीला 'फ्लॅट ट्रॅक' म्हणतात. अमेरिकेत जत्रांमधल्या घोड्यांच्या शर्यतीच्या लांबट गोल वाटेवर ती वाढली. वळणे सगळी डावीकडची. चालवणारा डावा पाय जमिनीला टेकवतो, त्या बुटाला पोलादी तळ असतो, आणि मागचे चाक मातीत घसरवतच तो वळण काढतो. पुढचा ब्रेक परंपरेने नसतोच, कारण सुट्या मातीत तो दाबला की पुढचे चाक निसटते. चेक लोक याच घराण्यातल्या आपल्या शर्यतीला 'सपाट वाट' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, आणि तिच्यासाठी खुद्द जावाने बिनब्रेकच्या गाड्या बनवल्या. म्हणजे आमची गाडी काही परक्या घरी जात नव्हती.

बायकांचे हे काम नव्हे, असेही कानी आले. २०२० साली अमेरिकेत चार स्त्रियांनी रॉयल एनफिल्डच्या गाड्या स्वतः बांधून अशा रिंगणात पळवल्या. पुण्यात 'बाईकरनी' ही मोटारसायकल चालवणाऱ्या स्त्रियांची संघटना २०११ पासून आहे. एवढे उत्तर पुरे.

मग आम्ही एकेक वस्तू उतरवली आणि भाताच्या गिरणीतल्या काट्यावर तोलली. दोन्ही मडगार्ड, लांब सीट, कॅरिअर, लेगगार्ड, साडीगार्ड, दिवा, बॅटरी, सायलेन्सर. सारे मिळून ३४ किलो भरले! साडीगार्ड काढताना मी जरा थांबले. सासूबाई त्याच्याच भरवशावर मागे बसत. प्रत्येक वस्तूला तिचे काम असते. ते काम आता उरले आहे की नाही, हे ठरवूनच ती काढायची. रिंगणात मागे कुणी बसत नाही, म्हणून साडीगार्ड निघाला. वेग आवरायला मागचा ब्रेक लागतो, म्हणून तो राहिला. मूळ चाकांच्या जागी १९ इंची चाके आली, हँडल रुंद झाले.

कायद्याचेही सांगते, कारण घरोघरी तरुण मुले आहेत. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. म्हणून ही गाडी रस्त्यावर येणार नाही. शेतावर जाते ती टेम्पोतून. शिवाय पुराच्या आठवडाभर आधीच, १५ जुलै २०२१ ला, केंद्र सरकारने पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना वारसा म्हणून वेगळ्या नोंदणीची सोय केली. पण गाडी मूळ रूपात असेल तरच ती मिळते. तो मान आम्ही तूर्त सोडला.

भावोजींना हेच लागले. "आप्पांची गाडी तुम्ही बोडकी केलीत," असे ते म्हणाले. हा शब्द मला झोंबला. मी त्यांना माडीवरची पेटी उघडून दाखवली. जे जे टिकण्याजोगे होते ते तेल लावून, फडक्यात बांधून, चिठ्ठी डकवून ठेवले आहे. साडीगार्डही त्यात आहे. सांगाड्याला करवत लावलेली नाही की कुठे जोड मारलेला नाही. उद्या पैसा जमला आणि मुलांची इच्छा झाली, तर गाडी पुन्हा पहिल्यासारखी उभी करता येईल. भावोजी काही बोलले नाहीत. पण भातकापणीनंतर आमच्या मोठ्या खाचरात चुन्याच्या फक्कीने रिंगण आखले, तेव्हा मधल्या खुंटाशी दोरी धरून तेच उभे होते.

मुलीने हेल्मेट आणि जाड बूट घालून, हळूहळू दहा फेऱ्या मारल्या. मागचे चाक घसरले, सावरले. शर्यत नव्हती की बक्षीसही नव्हते. पुरात गेली असे सर्वांनी धरलेली वस्तू आपल्याच घरच्या मुलीच्या हाताने धावली, एवढेच.

भगिनींनो, आपल्या मुली स्कूटीवरून महाडला जातात, पण प्लग काळा पडला की वाटेवर कुणाची तरी वाट पाहत उभ्या राहतात. माझी मंडळाला विनंती आहे की, महिन्यातला एक रविवार आमच्या पडवीत या. प्लग काढून पुसणे, चेन ताणणे, पंक्चरचे चाक उतरवणे, एवढे ही मुलगी सर्वांना शिकवील. चहा माझ्याकडे. जुनी लुगडी मात्र येताना आणा. हात पुसायला फार लागतात.