बांधावरून दिसलेली अमेरिकेची तेजी



आजचा विषय फलकावर वाचून एक वडीलधारे गृहस्थ मला म्हणाले, "काहो, पिपरी मेघ्यात बसून शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेची उठाठेव कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका शब्दात देता येते, आणि तो शब्द इथल्या घराघरांतला आहे : कापूस.

पिपरी, सावंगी, बोरगाव, सिंदी ही 'मेघे' नावाची गावे आज वर्धा शहराला अगदी खेटून आहेत. परंतु मी ज्या काळाविषयी बोलणार आहे, त्या काळी हा सारा मुलूख कापसावर जगत होता. कास्तकार गाडी भरून वर्ध्याच्या किंवा हिंगणघाटच्या बाजारात जाई. तिथला भाव मुंबईकडे पाहून ठरे, मुंबई लिव्हरपूलकडे पाही, आणि लिव्हरपूल न्यूयॉर्ककडे. आपला कापूस बहुतांशी आखूड धाग्याचा आणि अमेरिकेचा त्याहून लांब. माल निराळा खरा, पण अमेरिकेचा भाव कोसळला म्हणजे आपलाही टिकत नसे. म्हणून अमेरिकेच्या सुबत्तेची ही कथा मी न्यूयॉर्कच्या उंच इमारतीवरून सांगणार नाही. शेताच्या बांधावरून सांगणार आहे.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. पुढे १९२२ पासून १९२९ पर्यंतची सात वर्षे अमेरिकेच्या भरभराटीची म्हणून ओळखली जातात. ती भरभराट खोटी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. हेन्री फोर्डने १९०८ साली मोटार काढली, तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती. कारखान्यात फिरत्या पट्ट्यावर मोटारी जुळवण्याची युक्ती १९१३ साली निघाली, आणि १९२५ पर्यंत तीच मोटार २६० डॉलरला मिळू लागली. १९२७ पर्यंत या एकाच नमुन्याच्या दीड कोटी गाड्या रस्त्यावर आल्या. आपल्याकडे मोटार ही राजेरजवाड्यांची वस्तू होती, तेव्हा तिथला कामगार मोटारीतून कामावर जात होता. पिट्सबर्ग येथील केंद्राने १९२० च्या नोव्हेंबरात अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल आकाशवाणीवरून सांगितले, आणि दहा वर्षांत घरोघर रेडिओ गेला. शहरांत वीज आली आणि विजेबरोबर धुण्याचे यंत्र व इस्त्रीही आली. स्त्रियांना सबंध देशात मताचा अधिकार १९२० साली मिळाला.

याच वर्षी त्या देशाने दारूबंदीही केली. ती १९३३ पर्यंत टिकली. कायदा कागदावर राहिला आणि चोरट्या दारूवर टोळ्या गबर झाल्या. आपल्या जिल्ह्यातही दारूबंदी आहे, तेव्हा या बाबतीत श्रोत्यांना मी अधिक काही सांगावे असे नाही.

आता बांधावर येऊ. युद्धकाळात युरोपला धान्य आणि कापूस हवा होता, म्हणून भाव चढले. अमेरिकन शेतकऱ्याने कर्ज काढून चढ्या दराने जमीन घेतली, ट्रॅक्टर घेतला. १९१९ च्या हंगामात कापसाला पौंडामागे सुमारे ३५ सेंट मिळाले. पुढच्याच हंगामात भाव १६ सेंटांच्या आसपास आला. पीक निम्म्या मोलाचे झाले, कर्ज मात्र होते तेवढेच राहिले. त्यातच दक्षिणेकडील राज्यांत बोंडात शिरणारा सोंडकिडा पसरला. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाची काय दशा केली ते आपण पाहिले आहे. म्हणजे जॉर्जियातल्या कास्तकाराचे दुःख इथे कोणी समजावून सांगायला नको. त्या भागात पुष्कळशी शेती बटईने चाले, आणि बटईदारांत कृष्णवर्णीयांचा भरणा मोठा. दुकानदाराकडून उधारीवर बियाणे आणि धान्य घ्यायचे, हंगामाला कापूस त्याच्याच दारी टाकायचा, आणि हिशेब झाल्यावर पुन्हा देणेच उरायचे. नावे बदलली तर ही आपल्याच गावची हकीगत वाटेल.

मंडळी, ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, हे सारे भरभराटीच्या ऐन काळात घडत होते. १९२१ ते १९२९ या वर्षांत अमेरिकेत पाच हजारांहून अधिक बँका बुडाल्या, आणि त्यांतल्या बहुतेक खेड्यापाड्यांतल्या लहान बँका होत्या. दशकाच्या अखेरीस शहरे विजेने झगमगत होती, पण शेतावरच्या दहा घरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. शेतमालाला आधार देणारे विधेयक काँग्रेसने दोनदा मंजूर केले. अध्यक्ष कूलिज यांनी १९२७ साली आणि पुन्हा १९२८ साली ते नाकारले. देश श्रीमंत होत असताना शेतकऱ्याचे रडगाणे कोण ऐकणार?

शहराचीही सुबत्ता उधारीवर उभी होती. मोटार हप्त्याने, रेडिओ हप्त्याने, आणि पुढे शेअरही उसन्या पैशाने. शंभर डॉलरचा शेअर घ्यायचा तर पदरचे दहा-वीस टाकायचे आणि बाकीचे दलालाकडून कर्ज घ्यायचे. भाव वर जातो आहे तोवर दहाचे वीस होतात. पण तोच भाव दहा टक्के खाली आला की, पदरचे दहा गेले! दलाल लगेच पैसे मागतो, ते नसले तर शेअर विकतो, आणि असे हजारो लोक एकदम विकू लागले की भाव आणखी पडतो. ज्यांनी कापसाच्या वायद्याचा सट्टा पाहिला आहे, त्यांना हे नवे नाही. न्यूयॉर्कच्या बाजाराचा निर्देशांक ३ सप्टेंबर १९२९ रोजी ३८१ होता. ऑक्टोबरच्या २४ आणि २९ तारखांना बाजार कोसळला. ८ जुलै १९३२ रोजी तोच निर्देशांक ४१ वर आला. १९३३ साली दर चार कामकऱ्यांत एक बेकार होता. कापूस १९३१ च्या हंगामात सहा सेंटांच्याही खाली गेला. शेवटी १९३३ साली भाव सावरावा म्हणून सरकारने पैसे देऊन सुमारे एक कोटी एकरांवरील उभी पऱ्हाटी नांगरून टाकायला लावली. अंगावर धड सदरा नसलेली माणसे त्याच देशात होती!

हा तडाखा समुद्र ओलांडून आपल्या बाजारांत आला. आपल्याकडे कापसाचा भाव पडला, पण मालगुजाराला द्यायचे लगान रोख रुपयांत ठरलेले, आणि सावकाराचे व्याजही रोख. जिथे एक मण कापूस विकून भागत होते तिथे दोन मणही पुरेनात. त्यात इंग्रज सरकारने १९२७ साली रुपयाचा दर सोळा पेन्सांऐवजी अठरा पेन्सांवर बांधला होता. म्हणजे परदेशी विकलेल्या मालाच्या एका पौंडाचे जिथे पंधरा रुपये यायचे, तिथे सुमारे सव्वातेरा येऊ लागले. १९३१ नंतर खेड्यांतले सोने सराफाच्या तराजूत आणि तिथून मुंबईच्या बंदरात गेले. आजीच्या पाटल्या कुठे गेल्या, याचे उत्तर पुष्कळ घरांना या मंदीत सापडेल. कर्जाचा बोजा इतका वाढला की, मध्य प्रांताला १९३३ साली कर्जदार आणि सावकार यांच्यात तडजोड घडवणारा कायदा करावा लागला.

भरभराटीची ती अमेरिका डोळ्यांनी पाहिलेला एक माणूस पुढे आपल्या वर्ध्यात येऊन राहिला. तंजावरकडे जन्मलेले, हिशेबतपासनीसाचा धंदा करणारे, साहेबी पोशाखातले जे. सी. कुमारप्पा १९२८ साली सिरॅक्यूज विद्यापीठाचे व्यापारशास्त्राचे पदवीधर झाले आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांचे गुरू प्राध्यापक सेलिग्मन. याच सेलिग्मनांकडे काही वर्षे आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले होते. कुमारप्पांच्या अभ्यासाचा विषय होता सरकारी जमाखर्च आणि हिंदुस्थानचे दारिद्र्य. जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरात बसून त्यांनी आपल्या गरिबीचा हिशेब तपासला. न्यूयॉर्कचा बाजार कोसळण्यापूर्वीच, १९२९ च्या मे महिन्यात, ते साबरमतीला गांधीजींना भेटले. पुढे १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे ठाणे झाले आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. तेलाची घाणी, हातकागद, मधमाशा यांत या व्यापारशास्त्राच्या पदवीधराने आपली वर्षे घातली.

त्यांचे सगळे उपाय आपण मान्य करावेत, असे माझे म्हणणे नाही. घाणी यंत्रापुढे टिकली नाही, आणि आपल्या मुलीने विजेचे यंत्र सोडून हाताने धुणे धुवावे असे मलाही वाटत नाही. परंतु त्यांची तपासण्याची रीत मला मोलाची वाटते. हिशेबतपासनीस नुसता नफ्याचा आकडा पाहत नाही. तो नफा कुठून आला आणि कोणाच्या नावे देणे उभे आहे, तेही पाहतो. अमेरिकेचा जमाखर्च १९२५ साली असा कोणी बांधावरून तपासला असता, तर इमारतीला तडा गेला आहे हे तिला चार वर्षे आधी कळले असते. ज्याच्या हाती माल विकत घ्यायला पैसा नाही असा शेतकरी खाली ठेवून, वर कारखाने किती दिवस चालणार?

आज न्यूयॉर्कचा कापसाचा भाव आपल्या तरुणांना मोबाइलवर क्षणात दिसतो. उसन्या पैशाने शेअर घेण्याची सोयही त्याच मोबाइलवर आहे. देशाचा निर्देशांक चढला म्हणून पेढे वाटायला हरकत नाही; मात्र त्याच दिवशी हिंगणघाटच्या बाजारात कापूस काय भावाने गेला, आणि तो विकणाऱ्याच्या खिशात देणी भागवून काय उरले, तेवढे विचारून या.