धबधब्याचा जोर फोटोत कसा दिसेल?



आमचं गाव अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला. पावसाळ्यात रंधा धबधबा बघायला माणसं लोटतात, तेव्हा आमच्या बचत गटाच्या पिठलं-भाकरीला गिऱ्हाईक मिळतं. दोन वर्षांपूर्वी मी मोबाईलवर रंध्याचा फोटो काढला. पाणी सायीसारखं मऊ दिसत होतं. सगळ्यांना आवडला, म्हणून फलकावर लावला.

एक दिवस एक ताई दोन लेकरं घेऊन आल्या. म्हणाल्या, "फोटोत पाणी किती शांत आहे! मुलांना खाली खेळायला नेऊ का?" मी तव्यावरची भाकर तशीच टाकून उठले, त्यांना थांबवलं. अहो, प्रवरेचं पाणी तिथं खूप उंचावरून खाली कोसळतं. वर भंडारदरा धरण. धरणातून पाणी सोडलं की जोर बघता बघता वाढतो. माझा फोटो हे काहीच सांगत नव्हता.

असं का झालं? शटर म्हणजे कॅमेऱ्याची पापणी. ती जास्त वेळ उघडी राहिली, की पडणारं पाणी फोटोत ओघळतं, मऊ दिसतं. पटकन मिटली, की थेंब न् थेंब गोठतो.

बऱ्याच मोबाईलमध्ये 'प्रो' नावाचा पर्याय असतो. त्यात शटरचे आकडे दिसतात. १/२ म्हणजे अर्धा सेकंद. त्यात पाणी दुधासारखं येतं, पण मोबाईल हलला की सगळंच पुसट होतं. मोबाईल कठड्यावर टेकवा, २ सेकंदांचा टायमर लावा. भर उजेडात फोटो पांढराफटक पडतो, म्हणून पहाट किंवा दाट ढग बरे. १/१००० ला पाण्याचे तुकडे उडताना दिसतात. १/२५० च्या आसपास थेंबही दिसतात आणि धावही कळते. रंध्यासारख्या दांडग्या धबधब्याला मी इथूनच सुरुवात करते.

शटर वेगात ठेवलं की फोटो काळा पडतो. मग आयएसओचा आकडा थोडा वाढवा. फार वाढवला तर फोटोत दाणे दिसतात. तुषारांनी काच ओली होते, तेव्हा दर फोटोआधी सुती फडक्यानं पुसा. आणि कठड्यामागं उभं असलेलं एखादं माणूस फोटोत येऊ द्या, म्हणजे धबधब्याची उंची कळते.

फोटो काढताना आपणही कठड्याच्या आतच राहायचं. शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवायचा नाही. पाण्याकडं पाठ करून मागं सरकायचं नाही.

आता आमच्या फलकावर १/२५० चा फोटो आहे. खाली लिहिलंय, "पाणी लांबून बघा, भाकर जवळ बसून खा." माणसं हसतात, फोटोकडं परत बघतात आणि विचारतात, "एवढा जोर असतो का हो?"

हो, असतो. तोच दिसायला हवा.