चवडा दुखतो? बूट बघून घ्या

आज बोलू या पायाच्या चवड्याबद्दल.

बैठकीत बायका सांगतात, "ताई, चपलेत खडा गेल्यासारखं वाटतं. झटकून बघितलं, तर खडा नाहीच!" मग चवड्याची आग होते, बोटांना मुंग्या येतात. पुष्कळदा हे दुखणं तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या बेचक्यामागच्या नसेचं असतं. नस दाबली जाते आणि तिथे जाड होते. डॉक्टर त्याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात. पुरुषांपेक्षा आपल्या बायकांनाच ते जास्त होतं. अरुंद चपला-बुटांनी ते वाढतं.

पोलीस भरतीसाठी ८०० मीटर धावणारी लेक असो की पहाटे चालायला जाणारी सासू, बूट दुसऱ्याच्या हातून अंदाजाने मागवू नका. स्वतः जा, आणि संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, तेव्हाच खरं माप कळतं. मोजे आणि जोडवी घालूनच बघा.

बुटाचा पुढचा भाग रुंद हवा, बोटं मोकळी हलली पाहिजेत. सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. आतली गादी निघत असेल तर काढून तिच्यावर उभ्या राहा. बोटं बाहेर आली, तर बूट अरुंद आहे. टाच उंच नको, कारण सगळा भार चवड्यावर येतो. चवड्याखाली मऊपणा हवा, पण बूट मधोमध दुमडत असेल तर परत ठेवा. लेसचा बूट चांगला; चवड्यावर सैल, घोट्यापाशी घट्ट बांधता येतो. "वापरून सैल होईल" यावर जाऊ नका. दुकानातच दहा-वीस पावलं चाला.

चवड्याला आधार देणारी छोटी गादीही मिळते. ती दुखऱ्या जागेखाली नाही, तर थोडी मागे, टाचेच्या बाजूला बसवतात. ती डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारूनच घ्या.

बूट बदलूनही काही आठवड्यांत फरक पडला नाही, तर दवाखाना गाठा. साखरेचा आजार असेल आणि पाय बधिर वाटत असतील, तर मुळीच थांबू नका. जखम झालेली कळतही नाही.

शेवटचं सांगते. बियाण्याला, मुलांच्या फीला आपण गटातून कर्ज काढतो. स्वतःच्या बुटाला मात्र "राहू दे" म्हणतो. साडीवर बूट बघून कुणी हसलं, तर हसू दे. ज्या पायांवर घर चालतं, त्यांचाही हप्ता भरायला हवा ना?