रोजगार मेळावा : पाच मिनिटांची ओळख

(सुवर्णमहोत्सवानिमित्त युवक-युवतींच्या सभेत दिलेले भाषण)





रोजगार मेळाव्यात मालकवर्गावर चांगली छाप कशी पाडावी, या विषयावर मी दोन शब्द बोलावेत अशी विश्वस्तांची इच्छा आहे. मी कापडाचा व्यापारी. व्यापाऱ्याच्या मुलाने नोकरी मागणे कमीपणाचे मानणारी मंडळी आजही आपल्यात आहेत. मला तसे वाटत नाही. दुसऱ्याच्या पेढीवर उमेदवारी करून मग स्वतःची पेढी घालणे, ही आपल्या वाडवडिलांचीच रीत होती.

कापडाचा आणि रत्नागिरी जिल्ह्यातील रोजगाराचा संबंध जुना आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत या जिल्ह्यातील हजारो माणसे राबली. त्या काळी गिरणीच्या दारातून माणूस आत घेणे जॉबरच्या हाती असे. गाववाल्याची ओळख असली तर काम मिळे. अनेकांना जॉबरला दस्तुरी द्यावी लागे. व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर टीका केली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर एकेक गिरणी बंद होत गेली आणि कोकणी माणसाचा तो आधारही सुटला.

ती पद्धत अन्यायाची होती, यात शंका नाही. पण गाववाल्याच्या ओळखीने एक काम होत असे. ‘हा माणूस भरवशाचा आहे’ अशी हमी दुसरा कोणी तरी देत असे. आज शासनाच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रातर्फे मेळावे भरतात, ‘महास्वयम्’ या संकेतस्थळावर नोंदणी होते. तेथे टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याला आपले घराणे ठाऊक नसते. समोर मोठी रांग असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटे येतात. तेवढ्या वेळात आपली हमी आपणच द्यावयाची असते. छाप पाडणे याचा अर्थ मी एवढाच समजतो.

ही हमी तयारीवाचून देता येत नाही. मेळाव्यात कोणत्या कंपन्या येणार, कोणती पदे रिक्त आहेत, हे आधी पाहून ठेवावे. त्यांतून आपल्या जोगत्या तीन-चार निवडाव्यात. लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्याला हवा असणारा माणूस वेगळा आणि मिरजोळ्याच्या मत्स्यप्रक्रिया उद्योगाला हवा असणारा वेगळा. आमच्या दुकानात ‘काहीही दाखवा’ म्हणणारे गिऱ्हाईक येते. फळीवरचे सारे तागे खाली उतरतात आणि विक्री मात्र होत नाही. ‘कोणतेही काम चालेल’ असे सांगणारा उमेदवार मला तसाच वाटतो. त्याला नम्रता दाखवायची असते, पण ऐकणाऱ्याला वाटते की याने काही विचारच केलेला नाही.

दुसरी गोष्ट सत्याची. माहितीपत्रक एका पानाचे असावे आणि त्यातील प्रत्येक ओळीवर प्रश्न आला तर उत्तर देता यावे. न येणारे संगणकाचे काम येते म्हणून लिहिले, तर पहिल्या धुण्यात रंग जाणाऱ्या कापडासारखी आपली गत होते. उलट, जे खरोखर केले आहे ते आमची मुले सांगतच नाहीत. दोन हंगाम घरच्या बागेतील आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवलेला, गड्यांची मजुरी वाटलेली मुलगी ‘अनुभव नाही’ असे लिहिते. अहो, हाच तर अनुभव! किती पेट्या, किती माणसे, हिशेब कसा जुळविला, हे तीन वाक्यांत सांगितले तर ऐकणारा मान वर करून पाहील.

भाषेची भीती बाळगू नका. इंग्रजीत विचारले तर साधी, छोटी वाक्ये बोला. पाठ केलेला निबंध लगेच ओळखू येतो. कपडे भारी नसले तरी चालतील, स्वच्छ व इस्त्रीचे असावेत. हे मी कापडवाला असून सांगतो! मूळ प्रमाणपत्रे आणि प्रतींचा संच जवळ ठेवा. पाळीचे काम जमेल काय, लोट्याला किंवा जयगडला राहण्याची तयारी आहे काय, याचे उत्तर घरी ठरवून या. टेबलापाशी ‘बाबांना विचारून सांगतो’ म्हणू नका. आणि पालकहो, मुलाच्या वतीने आपण बोलू नका. आपण बोललात की मालक मुलाकडे पाहणे सोडतो.

निघताना अधिकाऱ्याचे नाव व पुढची तारीख लिहून घ्या आणि सांगितल्या वेळी आठवणीने संपर्क करा. शासकीय मेळाव्यात प्रवेशास शुल्क नसते. नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर तो आजचा जॉबर समजून दूर राहा.

निवड झाली नाही, तर कोणती गोष्ट कमी पडली हे विनयाने विचारा. सांगतीलच असे नाही. पण सांगितले तर ते पुढच्या मेळाव्याच्या आत भरून काढता येते.