बंद मिलचे छायाचित्र



आपल्या इंदुरातल्या बंद मिलांचे काळे-पांढरे फोटो आपण सर्वांनी पाहिले आहेत. फुटक्या काचा, छपराच्या भोकातून उतरलेला उजेड, भिंतीत रुजलेला पिंपळ. फोटो देखणा असतो. हे देखणेपण येते कुठून आणि त्याची किंमत कोण मोजतो, एवढेच आज बोलायचे आहे.

रंगावरून आपल्याला काळ कळतो. कोपऱ्यातला प्लास्टिकचा निळा डबा, भिंतीवरची निवडणुकीची जाहिरात, पानाची पिंक. यांवरून ही जागा आपल्याच काळातली आहे हे समजते. रंग काढून घेतला की कालपरवा बंद पडलेली मिल शंभर वर्षांपूर्वीची वाटू लागते, जणू एखादा जुना किल्लाच. आणि किल्ल्यातल्या शिलेदाराचा थकलेला पगार आज कोणी मागत नाही. काळ्या-पांढऱ्या फोटोतला धोका हाच आहे.

मात्र दोष माध्यमाचा नाही. जर्मनीतल्या बेर्न्ट आणि हिला बेखर या दांपत्याने याच माध्यमातून अगदी उलटे काम केले. बेर्न्ट खाणी आणि लोखंडाच्या मुलखातला, झीगन गावचा. सुरुवातीला तो जवळच्या एका खाणीची चित्रे काढत असे. पण चित्र पुरे होण्याआधीच पाडकाम पुढे सरके, म्हणून त्याने कॅमेरा हाती घेतला. १९५९ पासून दोघांनी मिळून पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणीच्या तोंडावरचे मनोरे यांचे फोटो काढले. काही चालू होते, काही बंद, काही पाडण्याच्या वाटेवर. आभाळ ढगाळलेले असेल तेव्हाच ते फोटो घेत, म्हणजे गडद सावली पडत नसे. कॅमेरा मोठ्या निगेटिव्हचा, तिवईवर, शक्य तेव्हा उंचावर नेऊन समोरासमोर लावलेला. मग एकाच जातीच्या बांधकामांचे नऊ-बारा फोटो ओळीने मांडायचे. पाहणारा हळहळत नाही. तो तुलना करू लागतो. इथे जिना बाहेरून का, तिथे पाय सहा का, असे विचारू लागतो.

डॉर्टमुंडच्या झॉलर्न खाणीचे यंत्रघर पाडायचे घाटत होते, तेव्हा ते वाचवण्याच्या खटपटीत हे दांपत्यही होते. १९६९ मध्ये त्या इमारतीला संरक्षण मिळाले. पुढे १९९० मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना गौरवले गेले ते, गंमत पाहा, शिल्पकलेसाठी!

तरीही त्यांच्या फोटोंत माणूस नाही. बांधकामाची नोंद झाली, पण त्यात राबणाऱ्याची राहिली. आपल्याला इथूनच पुढे जावे लागेल.

हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. पाच हजारांहून अधिक कामगारांचे देणे अडकले. ते देण्याचा मार्ग मोकळा झाला डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे ३२ वर्षांनी. तोवर कित्येकांनी डोळे मिटले होते. या ३२ वर्षांत त्या आवारात कोणी फोटो काढला असेल, तर ती फक्त पडक्या वास्तूची प्रतिमा नव्हती. तो एका चालू खटल्यातला कागद होता. कागदावर तारीख लागते. म्हणून माझे मागणे साधे आहे. फोटोखाली ‘अवशेष’ किंवा ‘शांतता’ असे शीर्षक देऊ नका. मिलचे नाव लिहा, खाते लिहा: सूतखाते की माग, ती कधी बंद पडली ते लिहा आणि फोटोची तारीख टाका. तिथे काम केलेला कोणी भेटला, तर कोणते यंत्र कुठे होते ते त्याच्याकडून विचारून घ्या. सौंदर्य कुठे जात नाही. उलट, कोणाचे घर त्या भोंग्यावर चाले हे कळल्यावर तोच उजेड वेगळा दिसतो.

शेवटी एकच आठवण करून देतो. मिला बंद पडल्या, तरी अनंत चतुर्दशीला त्यांच्या नावाच्या झाँक्या इंदुराच्या रस्त्यांवरून रात्रभर निघतच राहिल्या. दिवे, रंग आणि पुढे मिलचे नाव. कामगारांनी ते नाव काळ्या-पांढऱ्यात जाऊ दिले नाही. रिकाम्या मिलचा फोटो काढणाऱ्याने ती रात्रही एकदा जागून पाहावी आणि मगच आपल्या फोटोखाली ओळ लिहावी.