वहीतला न लिहिलेला रकाना
(जळगाव येथे युवक-युवतींसमोर केलेले भाषण)



मला सांगितलं गेलं की, ‘सोळाव्या वर्षी धंदा कसा सुरू केला ते मुलांना सांगा, त्यांना उमेद येईल.’ पण मी आधी तोटा सांगणार आहे. फक्त नफ्याची गोष्ट ऐकून घरचे पैसे घालवणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यातला एक मीच.

मी धुळ्याचा. अब्बू पॉवरलूमवर कामाला. घरात हिंदी-उर्दू, शाळेत मराठी, बाजारात अहिराणी. 2019 साली दहावीची परीक्षा झाली आणि मे महिन्यात रमजान आला. इफ्तारला केळी लागतातच. अम्मीची भिशी नुकतीच लागली होती, 5,000 रुपये. ते आपाच्या कॉलेज प्रवेशासाठी ठेवलेले होते. मी म्हटलं, ‘अम्मी, आठ दिवसांत परत देतो.’

तुम्ही जळगावचे. केळी म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. रावेर-यावलकडून ट्रक भरून माल उत्तरेत जातो, पण तो हिरवा जातो. मी मात्र पिकलेला माल उचलला. ‘जास्त घेशील तर स्वस्त लावतो,’ असं व्यापारी म्हणाला. 15 रुपये किलोने दोन क्विंटल घेतला, 3,000 रुपये मोजले. हातगाडीचं भाडं दिवसाला 50. खानदेशातलं मे महिन्याचं ऊन! दोन दिवसांत 70 किलो विकलं गेलं, 30 रुपयांनी. त्यातही 700 रुपयांची उधारी. उरलेली 130 किलो केळी काळी पडली. काही वाटली, बाकी बकऱ्यांनी खाल्ली. हातात उरले 3,300. म्हणजे 1,700 गेले.

प्रवेशाची तारीख आली तेव्हा अब्बूंनी शेठकडून उचल घेतली आणि ती फेडायला जास्तीच्या रात्रपाळ्या केल्या. मला ते एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

बोलली ती आपा. तिने शंभर पानी वही समोर ठेवली आणि विचारलं, ‘उधारी कोणाकोणाकडे आहे?’ मला अर्धी नावंच आठवेनात. ती म्हणाली, ‘रोज कुरआन वाचतोस ना? त्यातली सगळ्यात लांब आयत कशावर आहे, माहीत आहे?’ मला माहीत नव्हतं. ती आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. त्या रात्री आठवतील ती नावं लिहिली. 700 पैकी 500 वसूल झाले.

मग कच्च्या केळीचे वेफर्स करायचं ठरलं, कारण वेफर्स दोन दिवसांत सडत नाहीत. पहिला घाणा 40 किलो केळीचा. केळी 480 रुपये, तेल 330, गॅस 100, पिशव्या-मीठ-मसाला 90. एकूण 1,000. वेफर्स निघाले 10 किलो. दुकानदारांना 160 ने दिले. 600 रुपये नफा! मी गल्लीत छाती काढून फिरलो. मित्रांना सांगायचो, ‘माझा धंदा आहे.’

महिनाभराने आपाने वही उघडली. ‘यात एक रकाना राहिलाय,’ म्हणाली. ‘केळी सोलतं कोण? तळतं कोण? अम्मी आणि मी. प्रत्येकी सहा तास. त्याचे पैसे कुठे आहेत?’ तासाला 40 रुपये धरले तरी 480 झाले. 600 मधून 480 गेले, उरले 120. माल पोचवायला माझे 100 जायचे. म्हणजे एका घाण्याला 20 रुपये! ज्याला मी नफा म्हणत होतो, ती माझ्या आईची आणि बहिणीची मजुरी होती.

आज मला तुमच्यासमोर मुख्यतः हेच सांगायचं आहे. आपल्या वस्त्यांमध्ये शिवणकाम, पापड, लोणची, मेंदी, बिर्याणीची ऑर्डर, कितीतरी धंदे घरातल्या बायांच्या हातांवर चालतात आणि पाटीवर नाव मुलाचं असतं. मजुरी लिहिली नाही तर भाव चुकतो. भाव चुकला की धंदा बुडतो, आणि बुडेपर्यंत कळतही नाही. आम्ही मजुरी लिहिली आणि मगच नवा भाव काढला. 100 ग्रॅमची पिशवी 25 रुपयांना, आठवडे बाजारात थेट गिऱ्हाइकाला. ‘कितलाले शे, भाऊ?’ असं कुणी विचारलं की मी अहिराणीतच उत्तर द्यायचो. डिसेंबरपर्यंत अब्बूंची उचल फिटली.

कायद्याचंही सांगतो. 1872 च्या करार कायद्यानुसार 18 वर्षांखालच्याने केलेला करार चालत नाही. म्हणून आमची अन्न सुरक्षा नोंदणी अम्मीच्या नावाने झाली, फी वर्षाला 100 रुपये. आधी मला वाईट वाटलं. आता वाटतं, कागदाने खरं तेच लिहिलं होतं. बँकेत बचत खातं मात्र दहा वर्षांपुढचं मूल स्वतः चालवू शकतं. ते उघडा, आणि धंद्याचे पैसे खिशातल्या पैशांत मिसळू नका. 18 पूर्ण झाल्यावर मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात 50,000 पर्यंत कर्ज मिळू शकतं. व्याज नको असेल तर नातेवाइकांकडून बिनव्याजी घ्या, पण तेही लिहून घ्या, परतीच्या तारखेसकट.

आणि शिक्षण सोडू नका. मोठ्या उद्योजकांनी कॉलेज सोडलं, असं मुलं मला ऐकवतात. मग आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण नीट बघा. 1945 साली मोहम्मद हाशम प्रेमजींनी अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढला. तीच पुढे विप्रो झाली. 1966 मध्ये ते वारले, तेव्हा मुलगा अझीम 21 वर्षांचा होता, अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होता. शिक्षण अर्धवट टाकून त्याला परत यावं लागलं. ते त्याने हौसेने सोडलं नव्हतं, आणि मागे उभा कारखाना होता. तरीही पुढे कितीतरी वर्षांनी त्यांनी ती पदवी पूर्ण केलीच. भवरलाल जैन यांनी 1963 मध्ये याच जळगावात 7,000 रुपयांवर रॉकेलचा धंदा सुरू केला, तेव्हा त्यांचं शिक्षण पूर्ण झालेलं होतं. ठिबकच्या नळ्या फार नंतर आल्या.

लॉकडाऊनमध्ये बाजार बंद झाले आणि आमचा धंदाही बंद पडला. पण कोणाचे किती द्यायचे आणि कोणाकडून किती यायचे, हे वहीत होतं, म्हणून कर्ज झालं नाही. पुन्हा सुरू केला तेव्हा आपाची पदवी पूर्ण होत आली होती. आता हिशेब आणि खरेदी ती बघते, विक्री मी. अम्मी दर शनिवारी आपली मजुरी मोजून घेते, आणि दोन रुपये कमी असले तरी विचारते.

ज्यांना सुरू करायचं आहे त्यांनी घरी गेल्यावर एक वही घ्या. पहिल्या पानावर दोन गोष्टी लिहा : हे पैसे बुडाले तर घरात कोणाचं काय अडेल, आणि या कामात कोणाकोणाचे हात लागणार आहेत. दोन्ही उत्तरं त्या माणसांना वाचून दाखवा. मगच माल उचला.

माझी वही मी सोबत आणली आहे. सभा संपल्यावर ज्यांना बघायची आहे त्यांनी बघा. पहिल्या पानावर आपाच्या अक्षरात 1,700 लिहिलेले आहेत. ते तिने खोडू दिले नाहीत.